दप्तरातले दुसरे पुस्तक

वर्गात मास्तर फळ्यावर शिकवीत असतात आणि मागच्या बाकावरचा मुलगा मांडीवर गोष्टीचे पुस्तक ठेवून वाचीत असतो. मास्तरांच्या लक्षात येते, पुस्तक जप्त होते आणि संध्याकाळी घरी तक्रार पोहोचते. दिवसभर राबून आलेले आईबाप वैतागतात. 'तुला शाळेत शिकायला घातले, गोष्टी वाचायला नाही,' असे म्हणून वर दोन धपाटेही बसतात. सवपासून पोलादपूरपर्यंतच्या आपल्या वाड्यांत हे घडते, तसे मुंबईच्या चाळींतही घडते. म्हणून या आठवड्यात दप्तरातल्या या दुसऱ्या पुस्तकाविषयी बोलू.

आईबापांचा राग आम्हाला समजतो. वर्गातली जागा आपल्या माणसांना फुकट मिळालेली नाही. महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक झाले. लहानपणी शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला होता. त्यांनी गप्प न बसता दाद मागितली, तेव्हा प्रवेश मिळाला. पण बसायचे कुठे, तर वर्गाबाहेर, खिडकीपाशी. ज्या तालुक्यात शिकवणे कानी पडावे म्हणून आपले लेकरू खिडकीबाहेर बसले, तिथे आज बाकावर बसलेल्या मुलाने शिकवण्याकडे पाठ फिरवावी, हे कोणालाही खटकेल.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहा. बाबासाहेबांना विद्यार्थिदशेत शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांचा नाद फार. सुभेदार रामजी कडक शिस्तीचे. तरी मुलाने पुस्तक मागितले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने पैसे आणीत. पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा हा बाप होता. अवांतर वाचन हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना हेरले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक परीक्षेला नेमलेले नव्हते. त्यावर एक गुणही मिळणार नव्हता. पण त्या वाचनाने जे बीज पडले, त्याचे झाड १९५६ साली नागपूरला साऱ्या जगाने पाहिले. मॅट्रिकला बाबासाहेबांना किती गुण होते ते आज कोणी विचारत नाही.

मग वर्गात चोरून वाचणे बरोबर का? आमचे मत स्पष्ट आहे. मास्तर किंवा बाई शिकवत असताना दुसरे पुस्तक उघडू नये. मात्र शिक्षा करण्याआधी कारण शोधावे. पोराचे गणित इतरांच्या आधी सोडवून होते का? शिकवलेले डोक्यावरून जाते का? फळाच नीट दिसत नसेल तर डोळे तपासून आणायला नकोत का? पुस्तक हिसकावून यातले एकही दुखणे बरे होत नाही.

खरा उपाय म्हणजे त्या पुस्तकाला शाळेतच उजळ माथ्याने जागा देणे. ज्याचे काम आधी झाले त्याला आपले पुस्तक काढण्याची मुभा असावी, आणि रोज वीस मिनिटे सर्वांनी आपापल्या आवडीचे वाचावे. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. चांगले आहे, पण वर्षातून एक दिवस जेवून कोणाचे पोट भरत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेतल्या शाळांत असा मूकवाचनाचा तास फार वर्षांपासून आहे. तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली म्हटले की, मार्गदर्शनाशिवाय नुसते वाचीत बसवल्याने वाचनाची गती वाढते याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. म्हणजे मुलांना पुस्तक देऊन मास्तरांनी हजेरीपट भरायला बसू नये. त्यांनीही वाचावे, आणि शेवटी 'काय वाचलेस?' असे विचारावे.

पुस्तके कुठून आणायची? शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा पाहा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व सर्व विषयांची पुस्तके, गोष्टीच्या पुस्तकांसह, असावीत, असे त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. याच कायद्याने जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली जाते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तेव्हा माता-भगिनींनो, पुढच्या सभेत नुसता अंगठा किंवा सही करून उठू नका. 'गोष्टीची पुस्तके किती आहेत? कपाटाची किल्ली कोणाकडे असते? मुलांच्या हाती पुस्तक कधी येते?' एवढे तीन प्रश्न विचारा.

घरचे कामही आहे. ६ डिसेंबरला दादरला जाल तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवरून मोठ्यांच्या ग्रंथाबरोबर मुलांसाठी एक पातळ पुस्तक घ्या. चाकरमान्यांनी मे महिन्यात गावी येताना खाऊच्या पिशवीत दोन पुस्तके घालावीत. वाडीतल्या विहारात एक पेटी करावी. सावित्रीच्या काठी राहणाऱ्यांनी मात्र ती उंचावर ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुराने काय केले ते आपण विसरलेलो नाही. आणि ज्या आईला वाचता येत नाही तिने भाकऱ्या थापताना लेकराला मोठ्याने वाचायला सांगावे. ऐकणारे कोणी असले की मुलाला वाचायला हुरूप येतो.

तेव्हा यापुढे शाळेतून तक्रार आली, तर धपाटा घालण्याआधी ते जप्त झालेले पुस्तक कोणते होते, एवढे मुलाला विचारा.