सदतीस सेंटचा मित्र

जानेवारी २००९ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत फेसबुकवर एक खेळ मांडला होता. यादीतले दहा मित्र काढून टाका आणि व्हॉपर बर्गरचं कूपन फुकट घ्या. नावच ‘व्हॉपर सॅक्रिफाइस’. मित्र काढला की त्याचा फोटो पडद्यावर पेट घ्यायचा, आणि वर त्या मित्राला कळवलंही जायचं की अमुकने एका बर्गरपायी तुझा बळी दिला. व्हॉपर तेव्हा ३ डॉलर ६९ सेंटला मिळायचा. म्हणजे एका मित्राचा भाव ३७ सेंट, त्या वेळच्या दराने अठरा रुपयांच्या आतबाहेर. एवढ्यात आपल्याकडे तेव्हा दोन-तीन वडापाव आले असते.

खेळ दोन आठवडेही चालला नाही, पण तेवढ्यात २,३३,९०६ मित्र कापले गेले. वाचून कुणाला माणुसकीची चिंता वाटेल. मला वाटत नाही. ब्रिटिश अभ्यासक रॉबिन डनबार यांच्या मते माणसाला एका वेळी दीडशेच्या आसपास नाती निभावता येतात. यादीत पाचशे नावं असतील तर त्यातली दहा शोधायला किती वेळ लागणार? शाळेतला एक, जुन्या ऑफिसातले दोघं, कुणाच्या तरी लग्नात भेटलेला एक. फुकट बर्गर नसता तरी या नात्यांना काही धुगधुगी नव्हतीच.

मला यातली खरी गंमत दिसते ती फेसबुकच्या हरकतीत. मित्र काढायला त्यांची ना नव्हती. ती सोय त्यांनीच दिली होती. त्यांना खटकलं ते काढलेल्याला कळवणं. सदस्यांच्या खासगीपणाला ते धरून नाही, म्हणून त्यांनी ते बंद करायला लावलं आणि बर्गर किंगने खेळच गुंडाळला. खासगीपणाचा मुद्दा खोटा नव्हता. पण यादी फुगलेली राहण्यात त्या कंपनीचा फायदाही होता. तोडल्याचा आवाज होत नाही, म्हणून जोडायला कुणी कचरत नाही. अनोळखी माणसाची विनंतीही आपण सहज स्वीकारतो, कारण उद्या गुपचूप काढता येईल हे ठाऊक असतं.

आणि ही फुगलेली यादी विकायची कशी, याचे प्रयोग तर आधीपासून सुरू होते. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ आणलं. तुम्ही दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावर सिनेमाचं तिकीट काढलं किंवा वस्तू घेतली की ती खबर आपसूक मित्रांच्या पानावर. कुणी बायकोसाठी नाताळची भेट म्हणून अंगठी घेतली, तर बायकोला ती मिळण्याआधीच बातमी मिळाली. ओरड झाली, मार्क झुकरबर्ग यांनी माफी मागितली, खटला झाला आणि ९५ लाख डॉलरच्या तडजोडीत ‘बीकन’ निकालात निघालं. कल्पना मात्र निकालात निघाली नाही. २०११ मध्ये ‘स्पॉन्सर्ड स्टोरीज’ आल्या. तुम्ही एखाद्या कॉफीच्या पानाला लाइक केलंत की तुमचं नाव आणि फोटो लावून तीच गोष्ट जाहिरात म्हणून मित्रांना दाखवायची. तुम्हाला विचारायचं नाही, पैसे द्यायचे तर लांबच. पुन्हा खटला, २०१३ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड, आणि ज्यांनी दावा केला त्यांच्या हाती प्रत्येकी १५ डॉलर. बर्गर किंगने ठरवलेल्या भावापेक्षा बरेच म्हणायचे.

ओळखीतून माल खपवणं ही काही फेसबुकची अक्कल नव्हे. १९५०च्या दशकात अमेरिकेत ब्राउनी वाइज या बाईंनी घरोघरच्या पार्ट्यांतून टपरवेअर विकून दाखवलं. आपल्याकडे भिशीत साड्यांचे गठ्ठे सुटतात, विमा एजंट झालेला मावसभाऊ बारशालाही फॉर्म घेऊन येतो. नको म्हणायला जीभ रेटत नाही, यावरच हा धंदा चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे विकणारा समोर असतो आणि त्याचा त्यात काय लाभ आहे, तेही उघड असतं. आजही दिवाळीआधी सोसायटीच्या ग्रुपवर चकली-अनारशांचा भाव टाकणाऱ्या काकू मला याच कारणाने आवडतात. फोटो थोडा अंधारा येतो, पण त्या विकतायत यात शंका नसते.

ओर्कुट आठवतं का? २००४ ते २०१४ चाललं आणि आपल्याकडे जोरात चाललं. तिथे मित्र तुमच्याबद्दल टेस्टिमोनियल लिहायचे; त्यातली निम्मी खुशामत, निम्मी टिंगल. तुम्ही कोण, हे दुसरी माणसं सांगत होती. फेसबुकवर ते काम हळूहळू लाइकच्या बटणाकडे गेलं. २०१० मध्ये कंपन्यांच्या पानांवरचं ‘फॅन व्हा’ जाऊन तिथेही लाइक आलं. भाचीच्या बारशाच्या फोटोखाली जे बटण, तेच बिस्किटांच्या पुड्याखाली. मग माणसाची ओळख त्याच्या बुटांच्या, कॉफीच्या, मोबाइलच्या कंपन्यांवरून होऊ लागली, आणि कंपन्या मित्रासारख्या बोलू लागल्या. बँकसुद्धा आता मीम टाकते. कर्जाचा हप्ता चुकल्यावर मात्र ती मीम पाठवत नाही.

या सगळ्याचं ताजं रूप म्हणजे रील. पुण्या-नाशकातल्या नव्या हॉटेलांची रील बघा. ‘भावांनो, ही मिसळ खाल्ली नाही तर काय केलं’ असं सांगणारा मुलगा मित्राच्या सुरात बोलतो. बऱ्याचदा त्याने पैसे घेतलेले असतात किंवा रील करणाऱ्यांच्या भाषेत ‘बार्टर’ झालेला असतो, म्हणजे जेवण फुकट, त्याबदल्यात रील. त्याने कमवू नये असं मी म्हणत नाही. चित्रीकरण, संकलन, उन्हातली पायपीट, हे कामच आहे आणि कामाचा मोबदला मिळायला हवा. माझा आक्षेप आहे तो लपवण्यावर.

यावर नियम आहेत. जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही. पैसे, फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, सहल, यातलं काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायला हवं, आणि शिफारस ज्या भाषेत त्याच भाषेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. प्रत्यक्षात अस्सल मराठीत चाललेल्या रीलखाली वीसेक इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत कुठे तरी ‘कोलॅब’ दडवलेलं असतं. नियमाची ही थट्टाच आहे. दहा-वीस हजार फॉलोअर असलेल्या गावोगावच्या पोरांपर्यंत दिल्लीचं कार्यालय पोचणार नाही, हेही उघड आहे.

तेव्हा रील करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की व्हिडिओच्या पहिल्या दोन सेकंदांत मोठ्या देवनागरी अक्षरांत ‘जाहिरात’ लिहा. प्रेक्षक पळून जात नाहीत. टीव्हीवर इतकी वर्षं जाहिराती बघूनही साबण घेतातच की लोक. आणि वाचकहो, तुमच्या आवडत्या रीलवाल्या मुलाने पुढच्या वेळी एखादी थाळी जगात भारी ठरवली, तर खाली कमेंटमध्ये बिल किती आलं आणि ते कुणी भरलं, हे सरळ विचारा.