कूस कोण बदलणार?

माझा दीर चाकणला शेडच्या पत्र्यावरून पडला. कमरेखालची जाणीव गेली. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची यादी मिळाली, बिल मिळालं. दर दोन तासांनी कूस बदला, हे कुणीच सांगितलं नाही. माकडहाडावर लाल डाग दिसला तशा सासूबाई तेल चोळायला बसल्या. बोटाने दाबूनही डाग फिका पडत नसेल, तर तिथे चोळायचं नसतं, भार काढायचा असतो. शेजारणीने दिलेली रबरी रिंगही नको. तिच्या कडेनेच रक्त अडतं.

मणका दुखावलेल्या सैनिकांसाठी इथे जवळच खडकीत १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला मात्र वहिनी येते. नवरा नाईटला गेला की रात्री दोनचा अलार्म माझा. "वहिनी, कंपनीपेक्षा तुमची शिफ्ट कडक," दीर म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच. पेशंटला घरी सोडण्याआधी नर्सने घरच्यांच्या हातून एकदा कूस बदलून घ्यावी, टाचा उशीवरून अधांतरी ठेवायला शिकवावं. हवेच्या गादीचा खर्च कंत्राटदाराने द्यावा. आणि गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, हेही त्याच दिवशी सांगावं.