दुर्बीण धुणाऱ्या हातांचे प्रश्न

पोटाची वा आतड्यांची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या एंडोस्कोपी विभागांतील परिचारिका वारंवार जे प्रश्न विचारतात, ते वरवर किरकोळ वाटतात. वापरलेली दुर्बीण तासभर तशीच पडून राहिली तर काय करावे? धुतलेली नळी आतून पुरती वाळली हे कसे ओळखावे? गुंगी दिलेल्या रुग्णावर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकेनेच डॉक्टरांच्या हाताखालीही काम करावे काय?

या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे केव्हाच सिद्ध झाली आहेत. तपासणी संपताच रुग्णाच्या खाटेपाशीच नळीची पहिली स्वच्छता व्हावी. त्यानंतर गळतीची चाचणी, ब्रशाने घासणे, जंतुनाशकात बुडवणे, खळबळणे आणि वाळवणे, असा क्रम आहे. अमेरिकेतील २०२१ च्या प्रमाणकानुसार केवळ वाळवण्यासाठीच नळीतून किमान १० मिनिटे दाबाची हवा सोडावी लागते. गुंगीतील रुग्णाचा श्वास पाहणाऱ्या व्यक्तीवर दुसऱ्या मोठ्या कामाचा भार नसावा, हेही मान्य झालेले तत्त्व आहे. तरीही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतात, ते अज्ञानापोटी नव्हे. उत्तर अमलात आणण्यास वेळ, माणसे आणि साधने लागतात. आणि यांपैकी काहीही परिचारिकेच्या हाती नसते.

खासगी रुग्णालयाला पैसा मिळतो तो तपासणीमागे, धुण्याच्या मिनिटांमागे नव्हे. दुर्बीण महाग, म्हणून तिची संख्या मोजकी. आणि बाहेर रुग्णांची रांग. या हिशेबात वाळवण्याची १० मिनिटे 'वाया गेलेली' ठरतात. ती वाचविली तर लाभ मालकाचा, धोका रुग्णाचा, आणि ठपका मात्र परिचारिकेचा! जंतुनाशकाच्या वाफेने तिला जडणारा दमाही कोणत्याच खर्चाच्या रकान्यात दिसत नाही.

ठपका किती सहज खाली ढकलला जातो, हे अमेरिकेत दिसले. पित्तनलिकेच्या उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणींमुळे २०१२ ते २०१५ या काळात जगभरात किमान २५० रुग्णांना संसर्ग झाल्याचे तेथील सिनेटच्या एका अहवालात जानेवारी २०१६ मध्ये नमूद झाले. उत्पादकाच्या सूचना तंतोतंत पाळूनही संसर्ग होऊ शकतो, अशी कबुली सरकारी नियामकाने २०१५ मध्येच दिली होती. दोष यंत्राच्या रचनेतही होता. संसर्गाची माहिती वेळेवर न कळविल्याबद्दल एका बड्या उत्पादक कंपनीने २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला व ८.५ कोटी डॉलर भरले.

गरीब देशाला ही चैन परवडत नाही, असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. सार्वजनिक रुग्णालयातील रांग खरी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु घाईने खर्च वाचत नाही. तो रुग्णालयाच्या वहीतून रुग्णाच्या घरी जातो, एवढेच.

म्हणून दिवसभरातील तपासण्यांची संख्या दुर्बिणी आणि माणसे यांच्या प्रमाणात ठरली पाहिजे. धुण्यासाठी प्रशिक्षित, पुरेसे वेतन मिळणारे स्वतंत्र कर्मचारी हवेत. प्रत्येक दुर्बिणीची नोंदवही हवी. आणि 'ही नळी अजून वाळलेली नाही' असे म्हणून पुढची तपासणी थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला लेखी मिळाला पाहिजे. तो वापरल्याबद्दल तिची नोकरी वा बढती धोक्यात येता कामा नये. तो अधिकार मिळेपर्यंत तिला दिलेले प्रत्येक शास्त्रशुद्ध उत्तर कागदावरच राहील.