विजेचा छोटा हत्ती, पण हौदा कोण बांधणार?

जळगावच्या अजिंठा चौफुलीवर सकाळी तासभर उभे राहिले की एक गंमत दिसते. एकाच साच्यातून निघालेल्या छोट्या मालगाड्या समोरून जात असतात, पण त्यांतल्या दोन गाड्या काही एकसारख्या नसतात. एकीला केळीच्या कॅरेटसाठी उंच जाळी ठोकलेली, दुसरीत पाण्याच्या जारसाठी लोखंडी कप्पे. चटईवाल्याने फाळक्याच्या वर पाइपांचा सांगाडा उभारलेला, तर मंडपवाल्याने टपावर बांबूंसाठी कॅरियर बसवलेले. कारखाना गाडी देतो, तिला धंद्याला लावतो तो आपला वेल्डिंगवाला.

२००५ साली टाटांची ‘एस’ बाजारात आली आणि लोकांनी तिचे बारसे ‘छोटा हत्ती’ असे केले. दोन सिलिंडरचे इंजिन, पाऊण टन माल आणि चार चाके, बस्स. २०१७ पर्यंत या कुटुंबातल्या वीस लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. स्वस्ताई हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ही गाडी इतकी साधी होती की गल्लीतल्या मिस्त्रीला ती उघडता येई आणि मालकाला ती आपल्या मनाजोगती करून घेता येई. हत्ती कंपनीचा असला तरी हौदा आपला होता.

आज हे सांगण्याचे निमित्त अमेरिकेचे आहे. तिकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘स्लेट’ नावाच्या नव्या कंपनीने विजेवर चालणारी एक छोटी पिकअप गाडी लोकांसमोर मांडली. तिला रंग नाही, रेडिओ नाही, मोठा पडदा नाही आणि काचा हाताने फिरवून खाली घ्यायच्या. बाकीचे ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे जोडावे, ही त्यामागची कल्पना. तिकडच्या लोकांना त्याचे फार अप्रूप वाटले. खानदेशातल्या माणसाला मात्र त्यात नवल वाटू नये. जी गोष्ट तिथे नवी म्हणून मांडली गेली, ती आपण वीस वर्षे करत आलो आहोत.

आता वीज आपल्याकडेही आली आहे. टाटांची विजेवरची ‘एस’ २०२२ मध्ये जाहीर झाली, २०२४ मध्ये महिंद्रांची ‘झिओ’ आली आणि २०२५ च्या जूनमध्ये ‘एस प्रो’ आली. ही शेवटची गाडी पेट्रोलवर ३ लाख ९९ हजारांपासून आणि विजेवर साडेसहा लाखांपासून बाजारात उतरली. फरक अडीच लाखांचा. तो फिटतो का, हे घरच्या वहीवर मांडून पाहू. विजेच्या गाडीची बॅटरी १४.४ युनिटची आहे. गळती धरून सोळा युनिट, आणि युनिटला दहा रुपये धरले, तर एका भरणीला १६० रुपये. कंपनी १५५ किलोमीटर सांगते. आपण माल भरून शंभरच धरू. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ६० पैसे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर धरली, तर हाच खर्च पावणेसहा रुपयांच्या पुढे जातो. रोज साठ किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस गाडी फिरली, तर अडीच लाख साधारण साडेतीन वर्षांत फिटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने पेट्रोलची गाडी आणखी स्वस्त झाली, तेव्हा थोडा जास्त काळ धरावा. तरीही हिशेब हाताबाहेर जात नाही.

अंतराचे म्हणाल, तर जळगावहून भुसावळ किंवा धरणगाव करून संध्याकाळी घरी येणाऱ्याला काळजी नाही. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याने मात्र वाटेत गाडी कुठे भरायची हे आधीच ठरवावे. त्यात आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. बॅटरीला तो मानवत नाही, म्हणून गाडी सावलीत लावणे ही चैन नव्हे, गरज आहे.

पण माझी खरी शंका वेगळीच आहे. धुळ्यात पाचकंदीलच्या बाजारात भाजीची वाहतूक करणारा एक ओळखीचा गाडीवान भेटला. त्याने विजेची गाडी घेतली, मग हौद्याला जाळी आणि वर दोन दिवे लावून घेतले. पुढे गाडी अडली, तेव्हा ‘बाहेर काम केलेत, आता हमी विसरा’ असे उत्तर त्याला मिळाले. गल्लीतल्या मिस्त्रीने तर हात लावायलाच नकार दिला. तो मला म्हणाला, ‘‘भाऊ, गाडी मनी शे, पण तिनी किल्ली कंपनीना हातमा शे.’’

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. विजेच्या गाडीत फिरणारे भाग कमी, म्हणून ती दिसायला साधी. पण पायाखाली उच्च दाबाची बॅटरी आणि केबली असतात. जिथे पूर्वी बिनधास्त ड्रिल मारले जाई, तिथे आता जिवावर बेतू शकते. लोखंडी सांगाडा जड झाला की तेवढा माल कमी भरावा लागतो. जाळी उंच झाली की वारा अडतो आणि एका भरणीतले अंतर घटते. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आली.

सरकारचे धोरणही या गाडीच्या मधोमध अडखळते. केंद्राची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा लाभ विजेच्या तीनचाकीला ठेवला, साडेतीन टनांवरच्या मोठ्या ट्रकलाही ठेवला. मधली चारचाकी छोटी मालगाडी मात्र वगळली. केळी, दूध आणि भाजी वाहणारी गाडी नेमकी तीच.

मग करायचे काय? कारागिराला गाडीपासून दूर ठेवणे हे उत्तर नव्हे, त्याला शिकवणे हे आहे. कुठे छिद्र पाडावे आणि कुठे पाडू नये, जादा दिव्यांना वीज कोठून घ्यावी, याचा नकाशा कंपन्यांनी मराठीत छापून द्यावा. केळीची जाळी, दुधाच्या कॅनचे कप्पे, भाजीचा सांगाडा असे दहा-बारा नमुने एकदा मंजूर करून ठेवावेत, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतला कोणताही वेल्डर ते बांधील आणि पासिंगला अडचण येणार नाही. आयटीआयमध्ये बॅटरीच्या गाडीची दुरुस्ती नीट शिकवली, तर गल्लीतला मिस्त्री धंद्यातून उठणार नाही.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्याही फिरताहेत. आपल्या उन्हावर आणि आपल्या वाऱ्यावर आपला माल वाहिला जावा, यापरते चांगले काय? पण ऊन आपले, माल आपला आणि रस्ता आपला असताना गाडीला एक जाळी बसवण्यासाठीही परक्याचा उंबरठा झिजवावा लागला, तर तो हत्ती आपल्या दारी झुलेल खरा, माहूत मात्र दुसराच असेल.