कणकेचा गोळा आणि गाडीभाडे



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि आमच्या उमरखेडच्या वस्तीतील एक बाई हातात कागद घेऊन माझ्यापाशी आली. ती मोलमजुरी करते. मुलगी गणितात एम.एस्सी. करते. मुलीला मुंबईहून पत्र आले होते. टोपॉलॉजी या विषयाची परिषद आणि तिला जोडून तरुण संशोधकांचे शिबिर. राहणे-जेवणे मोफत. गाडीभाडेही मिळणार, पण तिकीट दाखवल्यावर, मागाहून.

"भाऊ, हे टोपॉलॉजी म्हंजे काय असते? अन् यानं पोरीले नोकरी लागते काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलीनेच दिले. "आई, कणकेचा गोळा घे. त्याची पोळी कर, नाहीतर वाटी कर. कुठे फाडले नाही, कुठे जोडले नाही, तर या शास्त्रात तिन्ही एकच. पण बांगडीला मधे भोक असते. गोळ्याला भोक पाडल्याशिवाय त्याची बांगडी होत नाही. कानवाल्या कपाला मात्र एक भोक असतेच, म्हणून कप आणि बांगडी एकाच जातीचे." ताणले, दाबले तरी वस्तूचे जे बदलत नाही, त्याचा हा अभ्यास. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने एका गावातील सात पुलांचे कोडे सोडवले, तिथे या शास्त्राचे बीज पडले.

दुसऱ्या प्रश्नाला मी खरे तेच सांगितले. लगेच नोकरी लागत नाही. पण पुढे प्राध्यापक, संशोधक व्हायचे तर हीच वाट आहे.

बाबासाहेब शाळेत असताना गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले. वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते, ते विटाळतील म्हणून. मुलांनी आधी डबे हलवले, मगच बाबासाहेब फळ्याला हात लावू शकले. आज आपल्याच मुलीला फळ्यापाशी बोलावणे आले आहे. ती गाडीभाड्यासाठी मागे राहणार काय?

परिषदेत नुसती भाषणे नसतात. चहाच्या वेळी मोठा गणितज्ञ शेजारी उभा असतो. शंका विचारता येते, पुढे कोणाकडे शिकावे ते कळते. ज्यांचे काका-मामा प्राध्यापक असतात, त्यांना हे घरीच मिळते. आपल्या मुलांना त्यासाठी प्रवास करावा लागतो.

धर्मानंद कोसंबींचे नाव आपल्या घरांत परिचित आहे. १८९९ साली ते बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी गोव्यातील घर सोडून निघाले आणि पार सिलोनपर्यंत गेले. त्यांचे पुत्र दामोदर १९४५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. म्हणजे बुद्धाचा विचार आणि गणित एकाच घरात नांदले.

पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ गणितात एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्यांना शिष्यवृत्ती देते. एम.टी.टी.एस. ही उन्हाळी गणित शिबिरे १९९३ पासून सुरू झाली. पुण्याची 'बार्टी' अनुसूचित जातींच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तेव्हा जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. अर्जाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

तरीही एक अडचण उरते. पैसे मागाहून मिळतात, तिकीट मात्र आज काढावे लागते. १९१३ साली सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून बाबासाहेब अमेरिकेला जाऊ शकले. आपल्याजवळ संस्थान नाही, पण विहार आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून प्रत्येक विहारात प्रवासनिधीची पेटी ठेवता येईल. विद्यार्थ्याने भाडे न्यावे, परतावा मिळाला की पेटीत टाकावा. वहीत नोंद ठेवावी.

त्या दिवशी आम्ही सातजणांनी मिळून मुलीच्या जाण्यायेण्याचे भाडे जमवले. वहीत पहिले नाव तिचे लिहिले. आई म्हणाली, "पैसे आले की पेटीत टाकीन, भाऊ. दुसऱ्या कोणाच्या पोरीले कामी येतीन."

तुमच्या विहाराची वही कधी उघडणार?

जयभीम.