नवे खोत

दिल्लीतील मराठी निवृत्तांच्या बैठकींत अलीकडे एकच विषय चघळला जातो आणि तो म्हणजे कोकणात घर. सरकारी निवासस्थान सोडावे लागणार. राजधानीत दोन खोल्या घ्यावयाच्या तर भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांची बेरीजही पुरत नाही. आणि तिकडे रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याहून कितीतरी कमी पैशांत चिऱ्याचे कौलारू घर, दारात चार माड, मागे आंब्याची दहा कलमे, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब मांडणाऱ्यांवर आमचा राग नाही. ज्याने तीस-पस्तीस वर्षे परप्रांतात चाकरी केली त्याला अखेरीस स्वतःचे छप्पर हवेसे वाटावे आणि ते त्याला परवडावे, यात वावगे काहीच नाही. आमचे भांडण आहे ते या हिशेबातील एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'स्वस्त'.

भाजी स्वस्त होते ती पीक उदंड आले म्हणून. घर स्वस्त होते ते त्यात राहणारे उरले नाहीत म्हणून. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत त्या शिरगणतीच्या वेळी दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा निदर्शक आहे असे समजून कोणी हर्षभरित होऊ नये. कर्ते पुरुष मुंबईच्या चाळींत गेले आणि घर, शेत, म्हातारीकोतारी बायकांच्या गळ्यात पडली, एवढाच त्याचा अर्थ. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडणारी ती घरे आज विक्रीस निघाली आहेत. ज्याला आमची मंडळी स्वस्ताई म्हणतात ती अशी दोन-तीन पिढ्यांच्या ताटातुटीतून निपजलेली आहे.

आणि कोकणातील जमिनीशी आमच्या वर्गाचा हा पहिलाच व्यवहार नव्हे. खोत ही संस्था काय होती हे आमच्या ज्येष्ठ वाचकांस सांगावयास नको. जमीन कसणारा एक, तिचे धान्य मोजून घेणारा दुसरा, आणि हा दुसरा बहुधा पुण्यात वा मुंबईत. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्यासाठी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. पुढील जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तरी खोती कायद्याने जावयास १९४९ साल उजाडले. मग १ एप्रिल १९५७ रोजी 'कसेल त्याची जमीन' झाली. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी अद्यापही 'सत्तावन्न साली जमीन गेली' हे वाक्य सुतक सांगावे तशा स्वरात उच्चारले जाते. गेली ती का गेली, याचे उत्तर मात्र त्याच घरात कोणी देत नाही. आपण तिथे नव्हतो म्हणून गेली!

आता कायद्याची गंमत पाहावी. ज्या १९४८ च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिले, त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. दिल्लीत जन्मलेला, तीन पिढ्या कचेरीत लेखणी चालविलेला मराठी मनुष्य शेतकरी नव्हे. मग कोणी दूरच्या चुलत्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव कुठे चिकटवता येईल काय याचा शोध घेतो, कोणी दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसार देऊन मोकळा होतो. राहिली गावठाणातील घरे. त्यांच्या उताऱ्यावर पणजोबांच्या वंशविस्तारातील पंधरा-वीस नावे असतात. एक भागीदार ठाण्यात, एक परदेशी, एकाचा पत्ताच नाही. सर्वांच्या संमतीवाचून घेतलेले घर म्हणजे विकत घेतलेला दिवाणी दावा होय.

परंतु कायद्याने हात बांधले म्हणून आम्ही या घाऊक गृहखरेदीच्या विरुद्ध आहोत असे नव्हे. तिथे गेल्यावर जे घडते त्याविरुद्ध आम्ही आहोत. नवा मालक प्रथम काय करतो? भोवती चिऱ्याची पुरुषभर भिंत घालतो. जुना गडगा कंबरेइतका होता. त्यावरून शेजारीण बोलत असे, आणि त्याच्या कडेने जाणाऱ्या पाखाडीने वाडीतील बाया नदीवर, मुले शाळेत जात. ही वहिवाट कोणत्याही खरेदीखतात लिहिलेली नसते. ती लोकांच्या पायांनी लिहिलेली असते. भिंत उठते आणि ती पुसली जाते. नंतर कूपनलिका. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात जांभ्याच्या सड्यावरून पाणी धावत समुद्राला जाते आणि मे महिन्यात वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे दिल्लीकराला ठाऊक नसते. त्याला हिरवळ हवी असते. त्याची कूपनलिका खोल जाते आणि खालच्या अंगाच्या विहिरीत कळशी बुडेनाशी होते. दोन वर्षांनी हाच गृहस्थ 'गावचे लोक फार कजाग' असे पत्रातून कळवितो.

याला उत्तर म्हणून सांगण्यात येते की बाहेरचा पैसा आल्याने गावाला काम मिळते. गवंड्याला मिळते, राखणदाराला मिळते, हे खरे. पण त्याच पैशाने गुंठ्याचा भाव असा चढतो की त्या राखणदाराच्या मुलाला स्वतःच्या गावात घर बांधण्यापुरती जागा घेता येत नाही. आम्हा दिल्लीकरांना यासाठी कोकणापर्यंत जावयास नको. शेजारच्या कुमाऊँ-गढवालात राजधानीच्या पैशाने हेच केले. तेथील अल्मोडा आणि पौडी जिल्ह्यांची लोकसंख्याही त्याच दशकात घटली होती. तेथीलही रिकामी गावे आम्हाला 'स्वस्त' वाटली. अखेर २०२५ साली उत्तराखंडच्या विधिमंडळाने तेरांपैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची व बागायतीची जमीन घेण्यास मज्जाव केला. आपल्याविरुद्ध कायदा करावा लागला याची आम्हा नगरवासीयांना लाज वाटावयास हवी होती. ते राहिले, आणि नजर दक्षिणेकडे वळली.

आणखी एक गोष्ट या बैठकींत कधी निघत नाही, कारण त्या बैठकी पुरुषांच्या असतात. बासष्टाव्या वर्षी जिची भिशी, जिच्या मैत्रिणी, जिचा मंडळाचा हळदीकुंकवाचा समारंभ सुटणार, तिला कोणी विचारले आहे काय? कौले दर पावसाआधी शाकारावी लागतात, वाळवी तुळईत शिरते, वानरे फणस-केळी ठेवीत नाहीत. आणि जुलैच्या अंधाऱ्या रात्री यजमानांच्या छातीत कळ आली तर वाहन कोण आणणार? दिल्लीत चार गल्ल्यांपलीकडे दवाखाना आहे. सिंधुदुर्गात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते अगदी अलीकडे. वर्षानुवर्षे तेथील अत्यवस्थ रोगी सीमा ओलांडून गोव्यात बांबोळीला नेला जाई, आणि २०१८ साली तेथेही परप्रांतीयांना शुल्क लागू झाले. हा खर्च कोणत्याच हिशेबात धरलेला आम्ही पाहिला नाही.

मग कोणी गावी जाऊच नये काय? जावे. मराठवाड्यातून आलेले एक तरुण डॉक्टर, हिंमतराव बावस्कर, सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. ते तिथे राहिले, रात्ररात्र रोग्यांच्या उशाशी बसले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यावर आले. प्रत्येक निवृत्त लेखापालाने असे काही करावे अशी आमची वेडगळ अपेक्षा नाही. परंतु लेखापालाला ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येतो. शिक्षिकेला पट घसरून बंद पडू पाहणाऱ्या शाळेत तासभर बसता येते. मतदारयादीतील नाव दिल्लीहून काढून तिथे घालता येते, आणि बारा महिने कुलूप न लावता राहता येते. एवढे करावयाचे नसेल तर आठ दिवस भाड्याने खोली घेऊन समुद्र पाहून यावे. त्याला घर लागत नाही.

ज्यांचा निश्चय ठाम असेल त्यांनी घर पाहावयास गणपतीत जाऊ नये, कारण तेव्हा अख्खे कोकण नटलेले असते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जावे आणि विहिरीत वाकून पाहावे. पुन्हा जुलैत जावे, आणि वीज गेलेल्या दोन रात्री सपत्नीक काढाव्यात. सातबाऱ्यावरील सगळी नावे मोठ्याने वाचावीत. आणि अंगणाच्या कडेने जाणारी ती पाखाडी कोणाची, हे दलालाला न विचारता शेजारच्या बाईला विचारावे.