सोनं वाडीतच आहे, बॉस!

शनिवारी पहाटे निघालं की दुपारच्या जेवणाला दिवेआगर. आपला प्लॅन नेहमीचाच. बीच, उकडीचे मोदक आणि मस्त झोप. पण यावेळी होमस्टेच्या काकूंनी माझी शाळाच घेतली.

सकाळी चहाचा कप घेऊन वाडीत गेले, तर काकू सुपारीच्या आळ्यात वाळक्या झावळ्या टाकत होत्या. मी शहरी शहाणपणाने विचारलं, ''काकू, हा कचरा जाळून का नाही टाकत?''

''अगो, कचरा कसला? जेवण आहे ते तिचं!''

फंडा असा. इथली जमीन रेताड, पाणी घातलं की खाली पळतं. म्हणून आळ्यात नारळाची सोडणं पुरायची, ती स्पंजसारखी पाणी धरून ठेवतात. वर झावळ्यांचं पांघरूण. ऊन थेट मातीला लागत नाही, खाली गांडुळं कामाला लागतात आणि हळूहळू त्याच झावळ्यांचं खत होतं. वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, खोडावर मिरीचा वेल, खाली केळी. एकदम मल्टिस्टोरी सोसायटी! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी लावायच्या पद्धतीला 'लाखी बाग' म्हटलंय, ते उगाच नाही.

अर्थात, जुनं ते सगळंच सोनं नाही हं. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून 'राब' करणं हीसुद्धा कोकणातली जुनीच पद्धत. तण मरतं, पण मातीत जायचा पाला धूर होऊन उडून जातो.

मग काकूंनी ३ जून २०२० चा दिवस सांगितला. 'निसर्ग' चक्रीवादळ आलं आणि काही तासांत अर्धी वाडी आडवी झाली. नारळ पडले, सावली गेली, आणि उन्हात सुपारीचं खोड करपतं. पुण्यात आयटीत असलेला मुलगा म्हणाला, ''आई, विकून टाकू. रिसॉर्टवाले विचारतायत.'' काकूंनी आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत सुपारीची रोपं. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात! आपण एक अप्रेझल हुकलं की राजीनामा टाइप करायला घेतो.

यंदा त्यातल्या काही झाडांना पहिला घोस आलाय. मुलाचा फोन मात्र अजून येतो. ''मग, विकणार?'' मी विचारलं. काकूंनी उत्तर दिलं नाही. आणखी एक झावळी ओढून आळ्यात टाकली.

१९९७ मध्ये याच गावातल्या एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला होता. आपल्याला तेवढंच सोनं माहीत! पुढच्या वीकेंडला दिवेआगरला जाल, तेव्हा वाडी राखलेलं घर शोधून राहा. निघताना तिथलेच नारळ, तिथलीच सुपारी विकत घ्या. काकूंच्या मुलाला फोनवर सांगायला त्यांच्याकडे तेवढाच एक आकडा असेल.